झारवानमधलं चुन्याचं घर

झारवान शहर बेचिराख झालं ते एकही बॉम्ब न पडता. तिथं फक्त गिऱ्हाईक यायचं बंद झालं होतं. मिशिगनमधल्या नोव्हाय गावापासून चाळीस मिनिटांवर हा पूर्वी एक मोठा थोरला मॉल होता. लोक घरबसल्या चपलांपासून चटणीपर्यंत सगळं मागवायला लागले आणि मॉलनं आपण होऊन जीव सोडला. काचा फुटल्या, छत गळायला लागलं, पार्किंगमध्ये कमरेएवढं गवत वाढलं. मग ‘फ्रेश ग्राउंड’ नावाच्या एका कंपनीनं ती जागा भाड्यानं घेतली आणि त्या मॉलचं शहर केलं.

शहर करणं म्हणजे काय, तर फोमच्या अर्धवट पडलेल्या भिंती उभ्या केल्या, दोन जळक्या गाड्या आणून ठेवल्या आणि धुराचं एक मशीन बसवलं. ते मशीन बारा ते एक लंचसाठी बंद असायचं. युद्ध संपलेल्या शहरांत पुनर्बांधणी करायला जाणाऱ्या लोकांना आधी इथं आणायचं, उद्ध्वस्त शहर कसं असतं ते दाखवायचं, तिथल्या माणसांशी कसं बोलायचं ते शिकवायचं, असा हा धंदा. ‘झारवान’ हे नाव एका कमिटीनं शोधलं होतं, का तर जगातल्या कुठल्याच देशाला राग यायला नको. आणि वेशीवरच भला मोठा बोर्ड: ‘पुनर्बांधणी, टप्पा पहिला’. दुसरा टप्पा कधीच यायचा नव्हता. तो आला असता तर कंपनीनं खाल्लं काय असतं?

आता उद्ध्वस्त शहर म्हटलं की उद्ध्वस्त माणसं हवीत. ती मिशिगनमध्ये आणायची कुठून? ते काम कादंबरीकडे होतं. कादंबरी नोव्हायच्या मराठी मंडळातलीच मुलगी. इथंच जन्मलेली, नाटकाचं शिकलेली, आणि नाटकाचं शिकलेल्यांना मिळतं तसलं काम करणारी. तिनं मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘लोकल रेसिडेंट्सचा रोल करायला काकू पाहिजेत. साडी नको, शाल चालेल. इंग्लिश अजिबात बोलायचं नाही.’

सुलेखाकाकू नाफडेंनी तो वाचला आणि हात वर केला.

केला त्याला कारण होतं. काकूंना या देशात येऊन तीस वर्षं झाली होती. इंग्लिश त्या असं फाडफाड बोलायच्या की एकदा इन्शुरन्सवाल्याला त्यांनी फोनवर रडवलं होतं. पण आता घरात बोलायला होतं कोण? नवरा, राजारामकाका, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दिवसभर टीव्हीपुढे पाय लांब करून बसलेले. आणि एकुलता एक मुलगा शिव शिकागोला. पाण्याच्या पाइपांचा इंजिनीअर. दीड महिना झाला, पोराचा फोन नाही. मेसेज यायचे: ‘बिझी आई. ऑल गुड. लव्ह यू.’ तिन्ही वाक्यं तशीच, फक्त क्रम बदलून. काकू म्हणायच्या, “त्यापेक्षा पोस्टमन बरा, तो निदान दाराशी तरी येतो.”

तर अशा रीतीनं सुलेखाकाकू झारवानच्या रहिवासी झाल्या.

त्यांच्या वाट्याला आलेलं घर म्हणजे जमिनीवर चुन्यानं आखलेला एक चौकोन, त्यात फोमची एक भिंत, एक तुटकी खुर्ची आणि ढीगभर राख. कादंबरीनं त्यांना रोल समजावून दिला.

“काकू, तुमचं घर गेलंय. फक्त ही एक वॉल उरलीय. टीम येणार, त्यांना बुलडोझरसाठी ती वॉल पाडायचीय. तुमची परमिशन घ्यायला ते येणार. त्यांनी तुम्हाला नीट वागवलं, ऐकून घेतलं, तर तुम्ही हो म्हणायचं. नाहीतर नाही. मी इंटरप्रिटर. तुम्ही मराठीत बोला, मी ब्रेंटला सांगते.” ब्रेंट म्हणजे परीक्षक. कायम खाकी कपड्यांत असायचा आणि कायम उन्हानं रापलेला. खऱ्या कुठल्या युद्धात होता की नुसता बीचवर, देव जाणे.

“आणि मी नाही म्हटलं तर?” काकूंनी विचारलं.

“तर ती टीम फेल. त्यांना पाठवत नाहीत. म्हणजे काकू, अ‍ॅक्च्युअली त्यांचं तिकीट तुमच्याच हातात असतं.”

काकूंना हे फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं ‘नाही’ कुणीतरी मोजणार होतं.

पण माणूस हाडाची गृहिणी असला की त्याला उद्ध्वस्त होणंसुद्धा धड जमत नाही. पहिल्याच दिवशी काकूंनी घरून केरसुणी नेली आणि सगळी राख झाडून एका कोपऱ्यात लावली. ब्रेंट हबकला. ती राख खास ट्रकनं मागवलेली होती. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसांनी पुन्हा पसरली, काकूंनी पुन्हा झाडली. शेवटी कादंबरीनं हात जोडले तेव्हा काकूंनी अर्ध्या घरात राख ठेवायला परवानगी दिली. शिवाय त्या थर्मासमध्ये चहा आणायच्या आणि डब्यात चिवडा. घर गेलं म्हणून काय झालं, आलेल्या माणसाला कोरड्या तोंडानं पाठवायचं की काय? पहिल्या टीमचा म्होरक्या चिवड्याचा बकाणा भरून रिपोर्टमध्ये लिहून गेला की झारवानमध्ये अन्नटंचाई नाही. ब्रेंटनं कपाळाला हात लावला.

आणि चपला. चुन्याची रेघ ओलांडून कुणी बूट घालून आत आलं की काकू कडाडायच्या, “ए, चपला बाहेर!” कादंबरी त्याचं भाषांतर करायची: ‘घराच्या पावित्र्याविषयी रहिवासी संवेदनशील आहेत.’ टीमा गोंधळून रेघेकडे बघायच्या. इथं दार कुठंय, भिंत कुठंय, आणि ही बाई उंबऱ्याचं काय घेऊन बसलीय! बरेचजण तसेच बुटांसकट आत घुसायचे. त्यांना काकू बेधडक ‘नाही’ म्हणायच्या. युद्धातून वाचलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात बूट घालून फिरणारा माणूस तिचं काय बांधून देणार, सांगा बरं तुम्हीच.

त्या गुरुवारी सकाळी धूर जरा जास्तच सोडला होता. काकू खुर्चीत बसून चहा ओतत होत्या. मान खाली, शाल डोक्यावरून. समोरून चौघांची टीम आली. हेल्मेटं, पिवळी जाकिटं, धुळीसाठी तोंडावर मास्क, हातात टॅब्लेट. तिघं सरळ रेघ ओलांडून आत आले. काकू तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांना दिसलं की चौथा रेघेपाशी थांबलाय. वाकून बुटांच्या नाड्या सोडतोय. कुणी न सांगता. बूट काढून त्यानं ते नीट जोडीनं बाजूला लावले आणि मोज्यांनी आत आला.

मोजे राखाडी होते. अंगठ्यापाशी हिरवी पट्टी. असले मोजे काकूंनी दिवाळीत कॉस्टकोमधून डझनभर घेतले होते आणि त्यातले निम्मे शिकागोला पाठवले होते.

काकूंनी मान वर केली.

“शिव?”

हेल्मेटच्या आतून दोन डोळे बाहेर यायचे बाकी राहिले. रेघेबाहेर उभ्या असलेल्या कादंबरीनं हळूच “ओ माय गॉड” म्हटलं. शिव आणि ती एकाच रविवारच्या मराठी शाळेत वाढलेले. एकत्रच दांड्या मारलेल्या.

“बाई तुला काय म्हणाली?” ब्रेंटनं विचारलं. “तुला यांची भाषा येते?”

आता इथं शिवनं सांगून टाकलं असतं की ही माझी आई, तर गोष्ट तिथंच संपली असती. पण पुनर्बांधणीच्या कामावर भरती झालेला माणूस. पुढच्या मंगळवारी विमान. तो म्हणाला, “येस सर. थोडी थोडी.”

ब्रेंटला आनंदाचं भरतं आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा असा गडी आला होता. “मग इंटरप्रिटर नको. तूच बोल. बाकीच्यांनी बघा आणि शिका.”

आणि काकूंच्या डोक्यात एकेक दिवा लागायला लागला. हा शिकागोला नाही. हा इथं आहे. आणि इथं येतात ते पुढे कुठं जातात? ही माणसं जायची ते शहर रोज बातम्यांत दिसत होतं. लढाई थांबून तीन महिने झाले म्हणतात, पण अजून ढिगाऱ्यांखालचे न फुटलेले बॉम्ब फुटतात, अजून पाण्याच्या रांगेत गोळ्या झाडतात. राजारामकाका ते दिसलं की चॅनेल बदलायचे.  काकूंच्या तळपायाची आग मस्तकात पोचली.

“दीड महिना फोन नाही तुझा!” त्या ओरडल्या. “जिवंत आहेस की नाही, ते त्या तीन वाक्यांच्या मेसेजवरून ओळखायचं होय रे आम्ही?”

“काय म्हणतेय?” ब्रेंट.

शिवनं इंग्लिशमध्ये सांगितलं, “रहिवासी म्हणतायत की गेले सहा आठवडे इथली दळणवळण यंत्रणा पूर्णपणे कोलमडलेली आहे.”

मागच्या तिघांनी टॅब्लेटवर भराभर टिपून घेतलं.

“कधीपासून आहेस इथं? मिशिगनमध्ये?”

“आई, टू वीक्स,” शिव मराठीत कुजबुजला. त्याचं मराठी असं होतं, अर्ध्या रस्त्यात दम लागणारं. “मी तुला सांगणार होतो. प्रॉमिस.”

“दोन आठवडे! चाळीस मिनिटांवर! आणि एकदा जेवायला आला नाहीस?” खोटं बोलणं एक वेळ चालेल, युद्धाचं नंतर बघू, पण हे मात्र काकूंच्या वर्मी लागलं. “हॉटेलात खातोयस ना? बर्गर गिळतोयस ना रोज?”

“अन्नपुरवठ्याबाबत तीव्र असमाधान आहे,” शिव ब्रेंटला म्हणाला. “वाटपकेंद्र जवळ असूनही लाभार्थी तिथवर पोचत नाही, अशी तक्रार आहे.”

“एक्सलंट!” ब्रेंट म्हणाला. “घरात आणखी कोण आहे विचार.”

“तुझा बाप आहे घरात!” विचारायच्या आतच काकू म्हणाल्या. विसरल्याच की आपल्याला इंग्लिश येत नाही. “गुडघा कापून बसलाय. वॉकर धरून मेलबॉक्सपर्यंत जातो आणि येतो. तुझ्या नावाचं काही आलंय का बघायला.”

 हे शिवला माहीत नव्हतं.

“एक वयस्क पुरुष,” तो हळू म्हणाला, “चालण्याची अडचण असलेला.”

रेघेबाहेर कादंबरीनं तोंड फिरवलं होतं. तिचे खांदे हलत होते. हसतेय की रडतेय, ते तिलाही सांगता आलं नसतं.

काकू खुर्चीतून उठल्या. आवाज खाली आला, आणि काकूंचा आवाज खाली आला की नोव्हायमधली भलीभली माणसं घाबरतात. “शिकागोत डेस्क जॉब आहे, असं सांगितलंस. कॉम्प्युटरवर पाइप काढतो म्हणालास. मी सगळ्या मंडळाला तेच सांगत फिरले. तू आईला फसवलंस, शिव.”

“काय म्हणाली?”

“शासकीय घोषणांवर,” शिव म्हणाला, “नागरिकांचा विश्वास राहिलेला नाही.”

ब्रेंटनं अंगठा वर केला. असं सुरेख संभाषण झारवानमध्ये कधी झालंच नव्हतं. बूट काढले, बाईला मोकळं होऊ दिलं, मध्ये तोडलं नाही. सगळ्या रकान्यांत पूर्ण गुण. “आता भिंतीचं विचार. तिची परमिशन घे आणि आपण मोकळे.”

झालं. सगळं येऊन त्या फोमच्या भिंतीशी थांबलं. काकूंना कादंबरीचं वाक्य आठवलं. तिकीट तुमच्याच हातात. त्यांनी ‘नाही’ म्हणायचं, की टीम फेल. मंगळवारचं विमान रिकाम्या सीटनं जाणार. पोरगं शिकागोला परत. फार तर सहा महिने तोंड फुगवील. फुगवू दे. फुगलेलं तोंड निदान डोळ्यांना दिसतं तरी.

त्यांनी चहाचा कप पुढे केला. शिवनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि खाली राखेत बसला, मांडी घालून, लहानपणी स्वयंपाकघरात बसायचा तसा. मास्क हनुवटीखाली ओढून चहा प्यायला. मग म्हणाला, “आई, तिथे पाणी नाहीये. एक टँकर, टेन थाउजंड लोक. लहान मुलं ड्रेनचं पाणी पितात. मला पाइप येतात, आई. मला दुसरं काही येत नाही, पण पाइप येतात.”

“दुसऱ्या कुणाला येत नाहीत पाइप? जगात तूच एक प्लंबर?”

“तसं नाही गं. पण प्रत्येकाची आई असंच म्हणते.”

“म्हणूच दे! तिला म्हणायचा हक्क आहे!” काकूंचे डोळे भरून आले आणि त्याचा त्यांना इतका राग आला की त्यांनी शालीनं ते खसाखसा पुसले. “नाही. ऐकलंस? नाही म्हणजे नाही. ही भिंत इथून हलणार नाही आणि तूही नाही. सांग त्या रापलेल्याला.”

“वेल?” ब्रेंटनं घड्याळाकडे पाहिलं. लंच जवळ आला होता, धुराचं मशीन बंद व्हायची वेळ. “यस ऑर नो?”

शिवच्या हातात सगळं होतं. सकाळपासून त्यानं प्रत्येक वाक्याला झकास कपडे चढवून पुढे पाठवलं होतं. आणखी एक चढवायचं. ‘रहिवाशांनी आनंदानं संमती दिली.’ एवढं म्हटलं की मंगळवारी विमान. आई तरी काय करणार? काकूंनाही ते कळत होतं. त्यांनी मनातल्या मनात तयारी करून ठेवली. हा खोटं बोलला रे बोलला की इंग्लिशमध्ये सगळं झारवान दणाणून सोडायचं.

शिवनं कप खाली ठेवला. आईकडे पाहिलं. मग ब्रेंटकडे.

“शी सेज नो, सर,” तो म्हणाला. “ती म्हणते, नाही म्हणजे नाही.”

मागच्या तिघांचे चेहरे खर्रकन उतरले. एकजण शिवी हासडून खाली बसला. ब्रेंटला खरंच वाटेना. “शुअर? पुन्हा विचार. इतकं छान चाललं होतं!”

“मला नीट कळलंय, सर. नो म्हणतेय.” आणि तो बूट घालायला रेघेकडे निघाला.

काकू जिंकल्या होत्या. पोरगं वाचलं. मंगळवारी रात्री ते गरम पोळी खाणार होतं आणि राजारामकाका टीव्ही बंद करणार होते. मग आनंद का होईना? त्या त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. दीड महिन्यात, कोण जाणे किती वर्षांत, हा पोरगा पहिल्यांदा त्यांच्याबद्दल खरं बोलला होता. आणि तेही स्वतःचं नुकसान करून. हे त्याला शिकवलं कुणी? चूक करायची तर खरं बोलून कर, असं त्याच्या डोक्यावर लहानपणी टपल्या मारून सांगायचं कोण? आपणच की. झक मारली आणि शिकवलं.

“शिव,” त्यांनी हाक मारली.

तो वळला. एक बूट पायात, एक हातात.

“रोज फोन करायचा. मेसेज नाही, फोन. मला आवाज ऐकू आला पाहिजे.”

“आई...”

“आणि आज रात्री जेवायला घरी यायचं. बापाला तू स्वतः सांगायचं. मी नाही सांगणार.”

“काय म्हणतेय ती?” ब्रेंटनं विचारलं. “मत बदललं का?”

शिवला बोलता येईना. तोंड उघडलं, बंद झालं. पुन्हा उघडलं. दळणवळण यंत्रणा खरोखरच कोलमडली होती. काकूंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग शालीचा पदर खांद्यावर टाकून, तीस वर्षं मिशिगनमध्ये घोटलेल्या इंग्लिशमध्ये त्यांनीच ब्रेंटला सांगितलं, “आय सेड यस, हनी. पाडा ती भिंत.”

 ब्रेंटनं इतकंच विचारलं, की या बाईला इंग्लिश येतं हे मला कुणी सांगितलं का नाही. कादंबरी म्हणाली, “सर, युद्धात लोक खूप काही शिकतात.” टीम पास झाली. शिवनं आईला मिठी मारली तेव्हा ब्रेंटनं बाकीच्यांना दाखवून सांगितलं की बघा, याला म्हणतात स्थानिक जनतेशी नातं जोडणं.

भिंत पडली. म्हणजे दोघांनी उचलून आडवी केली. लंच झाला, धूर पुन्हा सुरू झाला, माणसांनी राख पसरली आणि भिंत दुपारच्या टीमांसाठी परत उभी केली.

दुपारी तीन टीमा आल्या. पोरं चांगली होती सगळी. सकाळची बातमी फुटली असावी, कारण तिन्ही टीमांनी रेघेबाहेर बूट काढले. एका मुलीनं काकूंचा हात हातात धरला. एका उंच, चष्मेवाल्या मुलानं तर चहा पिऊन कपसुद्धा विसळून ठेवला. सगळ्यांनी मनापासून ऐकून घेतलं, कुणी मध्ये बोललं नाही.

काकूंनी तिन्ही टीमांना ‘नाही’ म्हणून परत पाठवलं.

संध्याकाळी ब्रेंट डोकं धरून जळक्या गाडीच्या बॉनेटवर बसला होता. कादंबरी काकूंना थर्मास आवरायला मदत करत होती. न राहवून तिनं विचारलं, “काकू, काय चुकलं त्यांचं? दे वेअर सो गुड यार. त्यांनी सगळं बरोबर केलं.”

“अगं, काहीच नाही चुकलं,” काकू केरसुणी उचलत म्हणाल्या. “पण त्यांच्या आयांना कुणी विचारलंय का?”